गच्चीवरच्या बंबातली माणसं

आमच्या वाड्यात पहाटेचा पहिला आवाज बंबाचा असे. कुणीतरी मधल्या नळकांड्यात चिपाडं, ढलप्या, एखादी गोवरी कोंबायचं, धूर डोळ्यांत जायचा आणि अर्ध्या तासाने तोटीतून कढत पाणी यायचं. वाडा पाडला तेव्हा बंबही गेला. आता त्याचं काम गच्चीवरचा ‘सोलर’ करतो. नळ सोडला की पाणी गरम, तेही सकाळी सहाला, सूर्य उगवायच्या आत.

म्हणजे ते पाणी कालच्या उन्हाचं असतं. सोलरची सगळी करामत इथेच आहे. ऊन पकडायला फारशी अक्कल लागत नाही. बाळंतिणीच्या आणि बाळाच्या अंघोळीसाठी परसात उन्हात ठेवलेली तांब्याची घागरसुद्धा ते पकडते. पण त्या घागरीतलं पाणी कोमट होतं आणि तिथेच थांबतं, कारण जितकी उष्णता आत येते तितकीच बाहेर गळायला लागते. वाऱ्याने, बुडाखालच्या फरशीतून, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपाने. सोलरचा इतिहास म्हणजे ही गळती एकेक करून बुजवण्याचा इतिहास. त्याला दोनशे वर्षांहून जास्त काळ लागला आणि ज्यांनी तो घालवला त्यांची नावं आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलीही नसतात. यंत्राचे भाग एकेक करून पाहत गेलं, तर ती माणसं आपोआप भेटतात.

सुरुवात वरच्या काचेपासून करू.

ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर हा जिनिव्हाचा निसर्गशास्त्रज्ञ. १७४० साली जन्मलेला, आल्प्सच्या डोंगरांनी झपाटलेला. काचेच्या खोलीत, बग्गीत, झाडांच्या काचघरात उन्हाने उकडतं हे त्या काळी सगळ्यांनाच ठाऊक होतं. किती उकडतं, हे मोजायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं. १७६७ साली सोस्यूरने एकात एक बसणारी काचेची पाच खोकी घेतली, काळ्या लाकडावर उपडी घातली आणि प्रत्येकात तापमापक ठेवला. सगळ्यांत आतल्या खोक्यात पारा ८७ अंश सेल्सियसच्या वर गेला. मग त्याने नीट पेटी बनवली: पाइनच्या फळ्या, आतून काळ्या बुचाचं अस्तर, वर काचेचे तीन थर. तिच्यात १०९ अंश मिळाले. पाणी उकळायला लागतात त्याहून जास्त, आणि तेही एक काडी न जाळता.

पुढचा प्रयोग मला जास्त आवडतो. डोंगरावर ऊन जास्त स्वच्छ असतं, तरी तिथे थंडी का, हा त्याचा जुना प्रश्न होता. म्हणून त्याने ती पेटी क्रामों शिखरावर चढवली. बाहेर हाडं गोठवणारा गारठा असतानाही पेटीत जवळपास ८८ अंश झाले. दुसऱ्या दिवशी तीच पेटी सुमारे दीड हजार मीटर खाली सपाटीवर आणली. तिथली हवा १९ अंशांनी जास्त उष्ण होती, पण पेटीतलं तापमान जवळपास तेवढंच राहिलं. म्हणजे डोंगरावर ऊन कमी नसतं. तिथली विरळ हवा ते धरून ठेवत नाही. पेटी ठेवते.

काच नेमकं काय करते? उन्हातला मोठा भाग दिसणाऱ्या प्रकाशाचा आणि त्याच्या आसपासच्या आखूड लहरींचा असतो. काच त्यांना आत सोडते. आतला काळा पत्रा तापला की तोही किरण फेकू लागतो, पण ६०-८० अंशांच्या वस्तूचे किरण लांब लहरींचे असतात आणि त्यांच्यासाठी काच म्हणजे भिंतच. याखेरीज एक साधंसुधं काम ती करते, ज्याचा पुस्तकांत बऱ्याचदा विसर पडतो: ती वारा अडवते. तापलेली हवा वर उठून निघून जाऊ शकत नाही. घागरीचं पाणी कोमट राहण्याचं अर्धं कारण परसातला वाराच असतो. पुढे १८३०च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल दक्षिण आफ्रिकेत केपला मुक्कामाला असताना त्याने अशाच पेटीत अंडी आणि मांस शिजवून खाल्लं. आपल्याकडची आरशाच्या झाकणाची सूर्यचूल त्याच पेटीची नात.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण ते मुंबईतून जातं.

गळती बुजवण्याऐवजी आवकच भरमसाट वाढवली तर? फ्रान्समधल्या तूर गावचे गणिताचे शिक्षक ऑग्युस्तँ मूशो यांनी तेच केलं. शंकूसारख्या मोठ्या आरशाने ऊन बॉयलरवर गोळा करायचं, वाफ काढायची. १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या यंत्राने उन्हाच्या जोरावर बर्फ तयार करून दाखवला. मूशो यांच्या कामाबद्दल वाचून मुंबई हायकोर्टातले डेप्युटी रजिस्ट्रार विल्यम अ‍ॅडम्स यांच्या मनात आलं, की तो चांदीचा मुलामा दिलेला वक्र आरसा महागडा आणि नाजूक आहे, बनवायलाही कठीण. त्याऐवजी साधे सपाट आरसे घेतले तर? साधारण १७ बाय १० इंचांचे आरसे त्यांनी एका मोठ्या चौकटीवर बसवत नेले, प्रत्येकाचा कोन असा लावला की सगळ्यांचं ऊन एकाच जागी पडावं. ७२ आरशांचा झोत वीस फुटांवरच्या लाकडावर टाकला तेव्हा त्याने लगेच पेट घेतला. मग मिडल कुलाब्यातल्या आपल्या बंगल्याच्या आवारात त्यांनी बॉयलर बसवला आणि अडीच अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन दोन आठवडे दिवसाउजेडी चालवलं. पाहायला लष्करातले अधिकारी, न्यायमूर्ती, गिरणीमालक आले. सूर्य सरकला की गड्याने आरशांची चौकट अर्धवर्तुळाकार रुळावरून थोडी ढकलायची, बस्स.

१८७८ सालीच मुंबईत छापलेल्या आपल्या पुस्तकात अ‍ॅडम्स यांनी उष्ण देशांत कोळशाला पर्याय म्हणून ही उष्णता सुचवली. त्यांनी सौरचूलही केली होती आणि जानेवारीत, मुंबईच्या सर्वांत थंड महिन्यात, तिच्यावर सात सैनिकांचं जेवण दोन तासांत शिजत असे. आज स्पेनमध्ये मनोऱ्याभोवती सपाट आरशांचं शेत मांडून वीज करतात, तिथे तत्त्व हेच असतं: पुष्कळ सपाट आरसे, एक स्थिर बॉयलर. कुलाब्यात फिरताना आपल्याला बरंच काही दाखवलं जातं, पण हे कुणी दाखवत नाही. ते दोन आठवडे निदान एखाद्या पाटीच्या तरी लायकीचे आहेत, असं माझं मत आहे.

आता परत गच्चीवर.

अंघोळीच्या पाण्याला वाफ नको, ५०-६० अंश पुरतात. त्यासाठी आरसे फिरवत बसायची गरज नाही, सोस्यूरची पेटी पुरे. हे पहिल्यांदा धंद्यात उतरवलं ते अमेरिकेतल्या बॉल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने. तिकडचे शेतकरी लोखंडी टाकी काळी रंगवून उन्हात ठेवत, पण पाणी तापता तापता दुपार सरायची आणि संध्याकाळी ते थंड. केम्पने १८९१ साली पेटंट घेतलं ते इतकंच: काळ्या टाक्या काचेच्या झाकणाच्या लाकडी पेटीत ठेवायच्या. ‘क्लायमॅक्स’ हे त्याचं नाव. कोळसा महाग असलेल्या कॅलिफोर्नियात ते धडाधड खपलं.

पण केम्पच्या यंत्रात पाणी तापतं आणि साठतं, दोन्ही त्याच पेटीत. उष्णता आत यावी म्हणून वर काच हवी आणि रात्री त्याच काचेतून ती निघून जाते. दिवसभराची कमाई रात्रीत उधळली जायची. दार उघडं ठेवून तिजोरी राखण्यासारखंच हे.

१९०९ साली विल्यम बेली या कॅलिफोर्नियातल्या माणसाने हे दार आणि तिजोरी वेगळी केली. काचेच्या पेटीत फक्त काळ्या पत्र्याला जोडलेल्या बारीक नळ्या, आणि पाणी साठवायला वेगळी, चहूबाजूंनी गुंडाळलेली टाकी. आपल्या यंत्राला त्याने ‘डे अँड नाइट’ असं नाव दिलं, आणि ते अक्षरशः खरं होतं. आज तुमच्या-माझ्या गच्चीवर जे आहे त्याचा आराखडा हाच.

पण मग पाणी नळ्यांतून टाकीत जातं कसं? पंप कुठे आहे? पंप नाहीच. इथे जरा थांबावं असं आहे.

२५ अंशांचं एक लिटर पाणी तोललं तर साधारण ९९७ ग्रॅम भरतं. ६० अंशांचं एक लिटर ९८३ ग्रॅम. फरक चौदा ग्रॅमचा, म्हणजे चमचाभराचा. पण नळ्यांतलं पाणी तापून हलकं झालं की टाकीच्या तळाचं थंड, जड पाणी त्याला खालून ढकलतं. हलकं पाणी वर टाकीच्या माथ्याशी जातं, जड पाणी खाली येऊन तापतं, आणि ही रहाटमाळ ऊन असेपर्यंत फिरत राहते. ऊन कडक झालं की फरक वाढतो आणि पाणी जोरात फिरतं; ढग आला की आपोआप मंदावतं. कुणी बटण दाबत नाही.

म्हणूनच टाकी नेहमी पॅनेलच्या, म्हणजे त्या काचेच्या पेटीच्या, वर घोडीवर बसवलेली असते. तिचा तळ पॅनेलच्या वरच्या काठापेक्षा उंच हवा. टाकी खाली ठेवली तर पाणी फिरणारच नाही, वर रात्री ते उलटं वाहू लागेल आणि टाकीतली ऊब गार पडलेल्या पॅनेलमधून आकाशाला दान होईल. पाइपाचा चढही एकसारखा लागतो. मध्ये कुठे पाइप उंच होऊन पुन्हा उतरला, की त्या कुबडात हवा साठते आणि चौदा ग्रॅमचा जोर तिला हलवू शकत नाही. ‘ऊन कडक आहे, पण पाणी गार’ या तक्रारीचं मूळ कैकदा त्या कुबडात असतं. माझ्याकडच्या सोलरने पहिल्या महिन्यात हेच केलं. बसवणाऱ्याने यंत्राला बोल लावला, मी उन्हाला, आणि शेवटी दोष निघाला दीड फूट पाइपाचा.

बेलीलाही असा एक फटका बसला. १९१३च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात कधी नव्हे एवढी थंडी पडली, नळ्यांतलं पाणी गोठलं आणि नळ्या फुटल्या. मग त्याने नळ्यांत पाणी आणि अल्कोहोलचं न गोठणारं मिश्रण भरलं आणि ते टाकीतल्या वेटोळ्यातून फिरवून आपली उष्णता पाण्याला देईल अशी सोय केली. थंड मुलखातली सोलर यंत्रं आजही याच रीतीने चालतात. पुढे लॉस एंजेलिसच्या आसपास स्वस्त नैसर्गिक वायू सापडला आणि सोलरला गिऱ्हाईक उरलं नाही. बेलीने मग गॅसवरचे बंब बनवायला घेतले. रागावण्यासारखं त्यात काही नाही, त्यालाही संसार होता.

एवढी वर्षं सगळं अंदाजपंचे चाललं होतं. हिशेब मांडला तो बोस्टनजवळच्या एमआयटीतल्या हॉइट हॉटेल यांनी. १९३९ साली तिथे पहिलं सौरघर बांधलं गेलं आणि हॉटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅनेलची जमाखर्चाची वहीच उघडली: काचेतून किती आलं, पत्र्याने किती शोषलं, वरून, खालून, कडांतून किती गळलं, आणि पाण्याच्या पदरात किती पडलं. दक्षिण आफ्रिकेचे ऑस्टिन व्हिलियर आणि अमेरिकेचे रेमंड ब्लिस यांनी ती वही पूर्ण केली. तिघांच्या नावाचं समीकरण जगभरचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी अजून सोडवतात.

त्याच एमआयटीत हंगेरीहून आलेल्या मारिया तेल्केश होत्या. हॉटेल यांच्याशी त्यांचं पटलं नाही. उष्णता पाण्यात साठवण्याऐवजी वितळणाऱ्या क्षारात साठवावी, असा त्यांचा आग्रह. ग्लॉबर क्षार ३२ अंशांना वितळतो, वितळताना भरपूर उष्णता पोटात घेतो आणि गोठताना परत देतो. १९४८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर गावात त्यांनी या क्षारावर उबदार राहणारं घर उभं केलं. त्याची स्थापत्यकार आणि पैसे देणारी, दोघीही स्त्रियाच. दोन-तीन हिवाळ्यांनंतर क्षाराचे थर वेगळे होऊ लागले आणि युक्ती फसली. पण वितळणाऱ्या पदार्थात ऊब साठवण्यावर आज जिथे जिथे काम चालतं, तिथे सुरुवातीला तेल्केश यांचं नाव घ्यावंच लागतं. १९९५ साली त्या बुडापेस्टमध्ये वारल्या, जन्मगावी.

हॉटेल यांच्या वहीत सगळ्यांत मोठा खर्च मात्र तसाच राहिला होता: काळ्या पत्र्याचं स्वतःचं किरण फेकणं. आकडा ऐकून दचकायला होतं. ८० अंशांचा साधा काळा पत्रा दर चौरस मीटरमागे जवळपास ८८० वॅट बाहेर फेकतो. भर दुपारचं कडक ऊन असतं साधारण १००० वॅटचं! वरची काच आणि भोवताल त्यातला बराच भाग परत देतात म्हणून निभावतं, तरी गळती मोठीच.

ती बुजवली हॅरी त्स्वी ताबोर यांनी. १९१७ साली लंडनमध्ये जन्मलेले हे भौतिकशास्त्रज्ञ १९४९ साली इस्रायलला गेले. देश नवा, इंधन नाही, ऊन मुबलक. तिथल्या घरगुती सोलर यंत्रांकडे त्यांनी भौतिकशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिलं आणि अडचण त्यांच्या लक्षात आली. ती आपल्या स्वयंपाकघरातही दिसते. काजळीने काळं झालेलं तापलेलं भांडं आणि चिंचेने घासून लख्ख केलेलं तितकंच तापलेलं भांडं. हात न लावता नुसता जवळ न्या. काळ्याची धग लांबून जाणवते, लख्ख भांड्याची नाही. काळा पृष्ठभाग उष्णता चांगली घेतो, पण तितक्याच उदारपणे देऊनही टाकतो. चकचकीत धातू देत नाही, पण घेतही नाही.

ताबोर यांना दोन्ही हवं होतं, आणि निसर्गाने एक फट ठेवली होती. येणारं ऊन अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासच्या लहरींचं, जाणारी उष्णता दहा मायक्रॉनच्या आसपासच्या लहरींची. लहरी इतक्या वेगळ्या असतील तर एकच पृष्ठभाग एकीला काळा आणि दुसरीला चकचकीत दिसू शकतो. ताबोर यांनी चकचकीत धातूवर अतिशय पातळ काळा लेप चढवला. उन्हाच्या आखूड लहरी त्यात अडकतात. उष्णतेच्या लांब लहरींच्या दृष्टीने लेप इतका पातळ की तो जणू नाहीच. त्यांच्या लेखी खालचा चकचकीत धातूच खरा. असा पत्रा नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊन शोषतो, पण साध्या काळ्या पत्र्याच्या जेमतेम दहावा हिस्सा उष्णता फेकतो. १९५५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात भरलेल्या सौरऊर्जेच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. १९८० साली इस्रायलने नव्या घरांवर सोलर सक्तीचा केला. तिकडे त्याला ‘दूद शेमेश’ म्हणतात. दूद म्हणजे बंब, शेमेश म्हणजे सूर्य. आपण ‘सोलर’ म्हणून मोकळे झालो, त्यांनी बंब ठेवला. ताबोर २०१५च्या डिसेंबरात वारले, ९८ वर्षांचे होऊन.

राहिली गळती वाऱ्याची, कारण काच आणि पत्रा यांच्यामध्ये हवा होतीच. तिच्यावरचा इलाज फार आधी दुसऱ्याच कामासाठी सापडला होता. लंडनच्या जेम्स ड्यूअर यांनी १८९२ साली अतिथंड द्रव ठेवण्यासाठी दोन भिंतींची काचेची बाटली केली आणि भिंतींमधली हवा काढून टाकली. आपला थर्मास तो हाच. त्यांनी पेटंट घेतलं नाही, पैसा दुसऱ्यांनी केला. १९११ साली अमेरिकेत विल्यम एमेट यांनी अशीच निर्वात नळी सोलरसाठी पेटंट करून ठेवली, पण ती कागदावरच राहिली. ताबोर यांची कल्पना आणि ड्यूअर यांची पोकळी एकाच नळीत आली ती फार नंतर, सिडनी विद्यापीठातल्या आणि मग बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठातल्या प्रयोगशाळांतून. गच्चीवरच्या काळ्या नळ्या त्या याच. आतल्या नळीच्या बाहेरच्या अंगावर ताबोर यांच्या धर्तीचा लेप, भोवती पोकळी, मग बाहेरची पारदर्शक काच. नळी दुपारीही बाहेरून हाताला थंड लागते, हीच ती चोख असल्याची खूण. बोअरच्या जड पाण्याने तांब्याच्या बारीक नळ्या क्षारांनी तुंबतात; या नळ्या रुंद असल्याने तिथे त्या जास्त तग धरतात.

हिशेब घरीच करून पाहा. १०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे चार युनिट वीज लागली असती. दोन चौरस मीटरच्या पॅनेलवर स्वच्छ दिवशी साधारण दहा युनिट ऊन पडतं. म्हणजे एवढ्या सगळ्यांनी गळती बुजवूनही दहातले चारच आपल्या बादलीत येतात. सोस्यूरच्या आधी, उघड्या घागरीत, किती येत असतील ते ताडून पाहा.

एक काम मात्र सांगून ठेवतो. नळ्यांचा सोलर असेल तर दिवाळीआधी एकदा गच्चीवर जा. काचेवरची धूळ पुसा, पण भर उन्हात गार पाणी ओतू नका. मग नळीचं बंद टोक पाहा. आत आरशासारखा रुपेरी डाग दिसेल, तो बेरियम धातूचा. पोकळीत चुकार हवा उरली तर ती शोषायला तिथे बसवलेला. डाग रुपेरी आहे तोवर पोकळी शाबूत आहे. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर हवा आत शिरली आहे. ती नळी बदलून घ्या.